पारामारिबोतला एक जुम्मा

दक्षिण अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ब्राझीलचा नाहीतर अर्जेंटिनाचा फुटबॉल येतो. त्याच खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर सुरिनाम नावाचा एक लहानसा देश आहे. तिथली सरकारी भाषा डच. गाड्या मात्र आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. २०१२ च्या जनगणनेप्रमाणे तिथे शंभरातली सुमारे १४ माणसे मुसलमान आहेत. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत मिळून इतके प्रमाण दुसऱ्या कोणत्याही देशात नाही. ईद-उल-फित्रला तिथे सरकारी सुट्टी असते, होळीलाही असते.

या देशाची राजधानी पारामारिबो. मी व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. आमच्या कोकणात मुसलमानाच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी दर्यावर असतोच, त्यात नवल काही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये आमचे जहाज पारामारिबोला लागले. सुरिनाम नदी गाळाने उथळ आहे, म्हणून मोठ्या जहाजाला आत यायला आणि बाहेर पडायला भरतीची वाट पाहावी लागते. आमची भरती रात्री होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस मला मोकळा मिळाला, आणि तो दिवस जुम्म्याचा होता.

धक्क्याबाहेर टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाल्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि डच सोडून एकदम सरनामीत विचारपूस सुरू केली. सरनामी म्हणजे भोजपुरी आणि अवधीतून तिथे तयार झालेली बोली. माझी मुंबईची हिंदी आणि त्याची सरनामी यांची गाडी अडखळत का होईना, चालू लागली. तो मुसलमान निघाला. वय तिशीचे. दिवसभराचे भाडे ठरले आणि त्याने आधीच सांगून टाकले, "जुम्म्याला मी गाडी चालवत नाही. तुम्हाला यायचं तर माझ्याबरोबर या." मला तेच हवे होते.

पारामारिबोचे जुने शहर लाकडाचे आहे. वॉटरकांट या नदीकाठच्या रस्त्यावर ओळीने घरे उभी आहेत. खाली विटांचे जोते, वर पांढऱ्या रंगाच्या फळ्यांच्या भिंती आणि हिरव्या झडपांच्या खिडक्या. युनेस्कोने २००२ मध्ये हा भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. शहराचा कॅथेड्रलही लाकडीच, १८८० च्या दशकातला, आणि आतल्या लाकडाला रंग दिलेला नाही. आत पाऊल टाकले तर आमच्याकडच्या जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर येतो तसा वास येतो. अशा शहराला आगीची भीती कायमची. १८२१ आणि १८३२ मध्ये मोठाले भाग जळून गेले. दुसऱ्या आगीचा ठपका पळून गेलेल्या गुलामांवर आला आणि कोजो, मेंटर, प्रेझेंट अशा तिघांना १८३३ मध्ये भर चौकात जिवंत जाळण्यात आले. टॅक्सीवाल्याने ती जागा दाखवली. मी गाडीतून उतरलो नाही, पण ती नावे लक्षात राहिली.

नदीत शहरासमोर एक जहाज आडवे पडले आहे. त्याच्या पत्र्यावर झाडे उगवली आहेत. ते गोस्लार नावाचे जर्मन जहाज. मे १९४० मध्ये हिटलरने हॉलंडवर हल्ला केला तेव्हा हे जहाज इथे नांगरून होते. डचांच्या हाती पडू नये म्हणून त्याच्याच खलाशांनी ते बुडवले. जहाज बाजूला कलंडले ते आजवर तसेच आहे. मी दर्यावर्दी असल्यामुळे असेल, इतर प्रेक्षणीय वास्तूंपेक्षा मी त्याच्याकडेच जास्त वेळ पाहत राहिलो.

जवळच फोर्ट झीलँडिया. छोटासा, विटांचा, आंब्याच्या सावलीतला किल्ला. इंग्रजांचा हा किल्ला १६६७ मध्ये डचांनी घेतला. त्याच वर्षीच्या तहात सुरिनाम डचांकडे राहिले आणि इंग्रजांनी उत्तरेतले न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, स्वतःकडे ठेवले. त्या काळी हा सौदा डचांना फायद्याचा वाटला असणार, कारण सुरिनाममध्ये उसाचे मळे होते आणि मळ्यांत राबायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे होती. किल्ल्यात आता संग्रहालय आहे. याच किल्ल्यात ८ डिसेंबर १९८२ रोजी लष्करी राजवटीच्या पंधरा विरोधकांना गोळ्या घातल्या गेल्या. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. तेव्हाचा लष्करप्रमुख देसी बाउटरसे पुढे निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि मी ती भिंत पाहत होतो तेव्हाही तोच राष्ट्राध्यक्ष होता. पुढे २०१९ मध्ये कोर्टाने त्याला वीस वर्षांची सजा दिली आणि २०२३ मध्ये ती कायम झाली. तो तुरुंगात गेलाच नाही, २०२४ च्या डिसेंबरमध्ये फरारी अवस्थेत वारला. टॅक्सीवाला त्या भिंतीसमोर काही बोलला नाही. इतका बोलका माणूस, पण तिथे गप्प.

यानंतर आम्ही कैझरस्ट्राटवर गेलो. पारामारिबोची सगळ्यांत प्रसिद्ध तसबीर इथलीच. चार मिनारांची मोठी मशीद आणि तिला लागून ज्यूंचे नेवे शालोम नावाचे सिनेगॉग, मध्ये फक्त कुंपण. मशिदीच्या मोठ्या कार्यक्रमाला गाड्या सिनेगॉगच्या आवारात लागतात आणि त्यांच्या कार्यक्रमाला मशिदीच्या, असे टॅक्सीवाल्याने सांगितले. ही मशीद १९२९ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेची आहे आणि ती संस्था लाहोर अहमदिया विचाराची आहे. सुन्नी हनफी मंडळींची संघटना वेगळी, जावानीज मुसलमानांच्या संघटना आणखी वेगळ्या. पर्यटनाच्या पुस्तकांत हा फरक कोणी लिहीत नाही, पण आपल्या वाचकांना तो माहीत असावा म्हणून लिहिले.

सिनेगॉग आतून पाहू देतात. आत जमिनीवर फरशी नाही, वाळू आहे. पांढरी, स्वच्छ वाळू. पावलांचा आवाज येत नाही. याची दोन कारणे सांगतात. एक, हजरत मूसांच्या कौमने वाळवंटात काढलेल्या वर्षांची आठवण. दुसरे, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये धर्म लपवून राहावे लागले तेव्हा इबादतीचा आवाज शेजाऱ्याला जाऊ नये म्हणून वाळू पसरत. अंदलूसमधून ज्यूंना हाकलले त्याच राजवटीने मुसलमानांनाही बाप्तिस्मा घ्यायला लावला, आणि त्यांनीही दारे लावून नमाजा पढल्या. आज पॅलेस्टाइनच्या बातम्या पाहत मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना हे कुंपण आणि ही वाळू कोणीतरी दाखवायला हवी, असे मनात आले.

जुम्म्याला अजून वेळ होता, म्हणून बाजारात गेलो. नदीकाठचा मध्यवर्ती बाजार मोठा आहे. भेंडी, कारली, वांगी, हातभर लांब चवळीच्या शेंगा, मिरच्या, आणि त्यांच्यामागे बसलेल्या बाया थेट आपल्या. पलीकडच्या अंगाला आफ्रिकी वंशाच्या बाया झाडपाल्याची औषधे विकत होत्या. शहराच्या बसगाड्यांवर लोकांनी हिंदी सिनेमातले नट-नट्या रंगवून घेतले आहेत. एका हातात पिंजरा घेऊन कामाला निघालेले पुरुषही दिसले. पिंजऱ्यात गाणारा छोटा पक्षी. रविवारी सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरच्या मैदानात या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा लागतात. त्या बघायच्या राहिल्या.

मशीद शहराच्या कडेच्या वस्तीत होती. सुन्नी हनफी, मध्यम आकाराची, पंख्यांची घरघर. वुझू करून आत गेलो आणि सफेत उभा राहिलो. जहाजावर मी रोज कंपास पाहूनच मुसल्ला टाकतो, त्यामुळे इथे किब्ला कुठे आहे ते मला ठाऊक होते. तरी माहीत असणे वेगळे आणि तीन-चारशे माणसांच्या सफेत उभे राहणे वेगळे. जन्मभर मगरिबच्या दिशेला, मावळत्या सूर्याकडे तोंड करून नमाज पढलेली. आमच्या गावात तर समुद्राकडे तोंड म्हणजे किब्ल्याकडे तोंड. इथे किब्ला पूर्वेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला. म्हणजे हिंदुस्तानातून निघालेला माणूस काबा मागे टाकून, अर्धी दुनिया ओलांडून इथे येतो, आणि सज्दा करायला वळतो तेव्हा त्याचे तोंड काब्याकडे असते आणि काब्याच्या मागे, त्याच बाजूला, त्याचे घर असते.

खुतबा डचमध्ये झाला, मध्ये मध्ये उर्दू. दुआ उर्दूत. सलामनंतर टॅक्सीवाल्याने जाहीर करून टाकले की हे हिंदुस्तानातून आलेत, आणि माझ्याभोवती घोळका जमला. त्यातून एक बुजुर्ग पुढे आले. पंचाहत्तरीचे, बारीक अंगाचे, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी दोन्ही हातांनी मुसाफा केला आणि हात सोडलाच नाही. "घरी जेवायला चला," म्हणाले. पाहुण्याने नाही म्हणण्याची त्यांच्याकडे पद्धत नसावी.

जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. सुरिनाममध्ये रोटी म्हणजे मोठी, रुमालासारखी मऊ पोळी. तिच्यात वाटलेल्या डाळीचे कोरडे पुरण. आपली पुरणपोळी गुळाशिवाय केली तर कशी होईल, तशी. सोबत मसाल्याची कोंबडी, बटाटा, उकडलेले अंडे आणि चवळीच्या शेंगांची भाजी. मसाल्यात जिरे पुढे, खोबरे नाही. आधी बारा आले. बारा म्हणजे डाळीचा वडा, बरोबर तिखटजाळ मिरचीची चटणी. घरातल्या दादी वाढत होत्या. त्यांना नातवंडे 'आजी' म्हणत होती. मी चमकलो. सरनामीत बापाचा बाप तो आजा आणि त्याची बायको आजी, अगदी आपल्या मराठीसारखे. मी सांगितले तेव्हा त्या बाईंना केवढा आनंद झाला!

जेवण झाल्यावर बुजुर्गांनी कपाटातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. सुरिनाममध्ये आलेल्या हिंदुस्तानी मजुरांच्या नोंदवह्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि आता त्या संगणकावर पाहता येतात. नातीने त्यातून खापरपणजोबांची नोंद काढून दिली होती. नाव. बापाचे नाव. वय २२. उंची. कपाळावर जखमेचा व्रण. धर्म मुसलमान. जिल्हा आझमगड. मग ठाणे, गाव, जहाज, १९०८ साल, आणि मळ्याचे नाव, मारिएनबुर्ग.

"हमार आजा," ते म्हणाले.

याच्या मागची हकीकत थोडक्यात सांगतो. १ जुलै १८६३ रोजी डचांनी सुरिनाममध्ये गुलामगिरी रद्द केली, पण पुढची दहा वर्षे त्याच माणसांना मळ्यांवर काम करायला बांधून ठेवले. ती मुदत १८७३ मध्ये संपली आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून लाला रूख नावाचे पहिले जहाज आले. फेब्रुवारीत निघाले, जूनच्या सुरुवातीला पोहोचले. ३९९ माणसे उतरली, काही वाटेत गेली. १९१६ पर्यंत अशा ६४ खेपा झाल्या आणि ३४ हजारांवर माणसे आली. आरकाटी नावाचे दलाल खेड्यापाड्यांतून माणसे गोळा करत. जायचे कुठे, किती लांब, हे बहुतेकांना धड सांगितलेले नसे. करार पाच वर्षांचा. मळ्यावर कामचुकारीला तुरुंग. याच मारिएनबुर्गला १९०२ मध्ये मजुरीवरून उठाव झाला तेव्हा सैनिकांनी गोळीबार केला, वीसहून अधिक मजूर मारले गेले आणि त्यांना एकाच खड्ड्यात पुरले. ती कबर आजवर सापडलेली नाही.

पाच वर्षे संपली की फुकट परतीचा प्रवास हा मजुराचा हक्क होता. पण सरकारला माणसे हवी होती. जो परतीचा हक्क सोडेल त्याला जमिनीचा तुकडा आणि शंभर गिल्डर मिळत. सुमारे एक तृतीयांश लोक परत गेले, बाकीचे राहिले. "आजाने शंभर गिल्डर घेतले," बुजुर्ग म्हणाले. त्यात अभिमानही नव्हता आणि तक्रारही नव्हती. "आजी इथलीच, दुसऱ्या मळ्यावरची. मुलगा झाला होता. मुलाला घेऊन परत जायचं तर तीन महिने दर्यावर. आणि तिथे कोण ओळखणार होतं?" जरा थांबून म्हणाले, "पण परतीचं जहाज निघायचं असलं की आजा कामावर जात नसे, नदीवर जाऊन बसे. हे माझ्या बापाने मला सांगितलंय."

त्यांचे दोन मुलगे आता हॉलंडमध्ये आहेत. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास लोकांच्या झुंडी हॉलंडला गेल्या. म्हणजे याही घरात मागे राहिलेले पुन्हा नदीकडेच पाहत आहेत. मी हे बोललो नाही.

त्यांनीच मुन्शी रहमान खान यांचे नाव काढले. हे गृहस्थ उत्तर प्रदेशातल्या हमीरपूरचे पठाण, १८९८ मध्ये करारावर आले, १९७२ मध्ये तिथेच वारले. शिकलेले होते. त्यांनी आपले आत्मचरित्र लिहून ठेवले, देवनागरीत. करारावर आलेल्या मजुराने स्वतःच्या हाताने लिहिलेली अशी पुस्तके जगात फार थोडी आहेत. रामचरितमानस त्यांना इतके येत असे की हिंदू शेजारी त्यांच्याकडून ते समजून घेत. पुढे हिंदू-मुसलमानांत वितुष्ट आले, त्याचे दुःखही त्यांनी लिहून ठेवले आहे. जहाजावर एकत्र आलेले ते 'जहाजी भाई', हे नाते जातीधर्माच्या वर असे. काठावर स्थिरावल्यावर ते हळूहळू पातळ झाले.

निघताना बुजुर्गांनी विचारले, "हे गाव तुम्हाला माहीत आहे?" मी म्हटले, चाचा, मी कोकणातला, आझमगड आमच्यापासून हजार मैलांवर. ते म्हणाले, "ते मला कळतं. मला एवढंच जाणायचं आहे, की या नावाचं गाव अजून आहे का." मी कागदाचा फोटो काढून घेतला आणि नातीचा व्हॉट्सॲप नंबर लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर टॅक्सीवाल्याने गाडी जावानीज वस्तीतून नेली. हे लोक जावातून आले, तेही डचांच्या करारावरच. १८९० पासून १९३९ पर्यंत सुमारे ३३ हजार. जवळजवळ सगळे मुसलमान. रस्त्याकडेला त्यांच्या खानावळी आहेत, तिथे सुपात नूडल्स आणि तळलेला कसावा मिळतो. एका छोट्या मशिदीपाशी त्याने गाडी हळू केली. "ही पश्चिमेची," तो म्हणाला.

मला आधी समजले नाही. मग त्याने सांगितले. जावात किब्ला पश्चिमेला असतो. जावाचे शेतकरी इथे आले आणि त्यांनी गावाकडच्यासारख्याच पश्चिमेकडे तोंड करून नमाजा सुरू केल्या, मशिदी बांधल्या त्याही तशाच. सुमारे १९३० नंतर त्यांच्यातल्याच काही शिकलेल्यांनी सांगितले की इथून काबा पूर्वेला आहे. काही वळले, काही वळले नाहीत. जमातीत दोन तट पडले, पश्चिमेचे आणि पूर्वेचे. घराघरांत भांडणे झाली. आज पूर्वेकडे वळलेल्यांची संख्या वाढली आहे, पण पश्चिमेच्या मशिदी अजून आहेत.

"त्यांना सांगायला गेलं तर म्हणतात, जमीन गोल आहे, तिकडूनही पोहोचतोच," असे म्हणून टॅक्सीवाला हसला. मला हसता आले नाही. मसला काय आहे ते स्पष्ट आहे आणि त्यात मला शंका नाही. किब्ला पूर्वेलाच. पण ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याच्याकडून बापजाद्यांची जमीन, बोली, शेजार सगळे सुटले, त्याच्या हातात आजोबांनी शिकवलेली तेवढी एकच दिशा उरली होती. ती सोड म्हणणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी बसून चार दिवस चहा प्यायला हवा होता. आपल्याकडेही कित्येक गोष्टींत बरोबर असणारी माणसे घाईने बोलून घरे तोडतात, हे आपण पाहतोच.

संध्याकाळी साडेसहाला जहाजावर आलो. आमच्या इंजिन रूममध्ये एक ऑइलर मऊचा होता. मऊ पूर्वी आझमगड जिल्ह्यातच होते. त्याला फोटो दाखवला. त्याने ठाण्याचे नाव वाचले आणि लगेच म्हणाला, हे तर आमच्या बाजूचे. गावाच्या नावाशी मात्र अडला. त्या भागात त्या नावाची दोन गावे आहेत, एक खुर्द आणि एक बुजुर्ग, आणि डच कारकुनाने पुढचा शब्द लिहिलाच नव्हता. दोन्ही ठिकाणी आपले लोक आहेत, असेही त्याने सांगितले.

भरतीला जहाज सुटले. तासाभराने नदीच्या मुखाजवळ न्यू ॲमस्टरडॅम नावाच्या जुन्या किल्ल्याचे दिवे दिसले. लाला रूख पहिल्यांदा नांगरले ते इथेच. दर्यावर गेल्यावर फोनला रेंज नसते, म्हणून त्याआधीच मी त्या नातीला दोन्ही गावांची नावे पाठवली आणि लिहिले की यातले नेमके कोणते ते सांगता येत नाही, पण दोन्ही आहेत. तिचे उत्तर मला आठ दिवसांनी पुढच्या बंदरात मिळाले. तिने लिहिले होते, की आजांनी दोन्ही नावे त्या कागदाच्या पाठीमागे लिहायला लावली आणि कागद परत पाकिटात घालून ठेवला.